सड्यावरची मुकी वरात

हे बघा, आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. वेळजाईच्या पायरीवर हात ठेवा म्हणालात तर आत्ता ठेवतो. माझ्या पणजोबांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता पणजोबा तेव्हा जन्मालाच आले नव्हते, हे आमची मंडळी तुम्हाला चहा देताना सांगेलच, तेव्हा मीच सांगून टाकतो. पण त्यांना ज्याने सांगितलं त्याने पाहिलं होतं. किंवा त्याच्या आजाने. समुद्राकाठी एवढं चालवून घेतात.

तर काल तुम्ही आमच्या आगरवेळची वरात पाहिलीत आणि घाबरलात. साहजिक आहे. खाली रस्त्यापर्यंत टेम्पोवर डीजे बोंबलत होता, पोरं नाचत होती, आणि या कातळाच्या सड्यावर चाक लागल्याबरोबर सगळं गप्प. नवरदेव टेम्पोजवळ गेला, हातातल्या कट्यारीचं टोक त्याने स्पीकरच्या जाळीला टेकवलं, आणि शे-दोनशे माणसं मयताला आल्यासारखी उभी राहिली. तुमच्यातल्या बाईंनी मला विचारलं, "कुणाला काही झालं का हो?" झालं होतं, पण काल नव्हे.

ढोल असेल तर कट्यार ढोलाच्या कातड्याला टेकते, बँड असेल तर मोठ्या ड्रमला. डीजे आला तेव्हा कुठे टेकवायची यावर गावात सभा झाली होती. शेवटी ठरलं, जिथून आवाज येतो तिथे टेकवायची. डीजेवाल्याचा जीव तेव्हा वरखाली होत असतो, कारण एखादा नवरदेव उत्साही निघाला तर जाळी फाटायची. मग खाडीपलीकडून, वेळजाईच्या देवळातून, नगाऱ्याचा एक ठोका येतो. तो आला की वऱ्हाड मुकाट खाली उतरतं. पूर्वी गुरव पलीकडून वरात बघून ठोका द्यायचा. हल्ली त्याला मिस्ड कॉल देतात.

या रिवाजाच्या मागे एक गलबत आहे. ते बुडालं ती जागा तुमच्या पायांखाली आहे.

असे इथे उभे राहा, समुद्राकडे तोंड करून. उजव्या हाताला खाडीचं तोंड. त्याच्या पलीकडच्या टेकाडावर वेळजाईचं देऊळ. आणि आपण उभे आहोत त्या सड्याच्या पोटातून काळ्या दगडांची एक रांग पाण्यात शिरलेली दिसते ना, ते खडप. भरतीला त्यातलं काहीच दिसत नाही. आता बाहेरून गलबत आत आणणाऱ्या तांडेलाच्या, म्हणजे गलबताच्या म्होरक्याच्या, जागी स्वतःला ठेवा. त्याला देऊळ डाव्या हाताला आणि हे खडप उजव्या हाताला. मधे खाडीची वाट. उजेड असेल तर शेंबडं पोरही गलबत आत आणील. पण पावसाची भिंत आली, टेकाड दिसेना, देऊळ दिसेना, तर काय करायचं? तर देवळात गुरव नगारा वाजवायचा. तांडेलाने कान लावायचा, नगारा डाव्या अंगाला ठेवायचा आणि आत शिरायचं. एवढाच नियम. आगरवेळच्या माणसाला तो पाळण्यात शिकवायचे, असं सांगतात.

म्हणूनच आभाळ भरलेलं असलं की या सड्यावर कुणी साधा थाळाही वाजवायचा नाही, हे गावात सांगावं लागत नसे. माहीत नव्हतं ते बाहेरच्यांना.

त्या काळी गावात हरबा तांडेल होता. त्याचं गलबत 'जयवंती'. सागाचं, रुंद पोटाचं, दोन शिडांचं. दर हंगामात मलबारला जायचं आणि तांदूळ भरून यायचं. आगोट जवळ आली, म्हणजे पावसाळा तोंडावर आला, की सगळी गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायची रीत. त्या वर्षी बाकीची शाकारून झाली होती. 'जयवंती' तेवढी बाहेर होती, कारण हरबाने एक खेप जास्त केली. लेकीचं लग्न होतं. लग्नाचा तांदूळ आणि मलबारी पितळी समया आणतो म्हणाला आणि गेला.

लेकीचं नाव सगुणा. एकुलती एक. बापाने तिला मुलासारखी वाढवली, असं म्हणतात. म्हणजे शीड शिवायला बसवली, वारा ओळखायला शिकवली आणि लग्नाचा विषय निघाला की उठून समुद्रावर गेला. पण शेवटी स्थळ आलं ते चांगलं आलं. डोंगराकडच्या फणसकोंडचे बाळकोजी भाटकर, त्यांचा धाकटा मुलगा धाकू. नारळी-पोफळीचं मोठं आगर, दारात बैलजोड्या, आणि समुद्राशी संबंध एवढाच की जेवणात मासे.

लग्न गोरज मुहूर्तावर. त्या दिवशी सकाळी सड्यावर गेलेल्या एका माणसाने खाली येऊन सांगितलं, "हरबाचं शीड दिसलं. दुपारपर्यंत येतोय." मांडवात एकदम जीव आला. सगुणेला हळद लागली. चुलता म्हणाला, "बापूस येतोय तो समया घेऊनच, आता तोंड सुकवू नको."

आणि दुपारी नैर्ऋत्येकडून आभाळ आलं.

मी तुफानं पाहिलेली आहेत. एका तुफानात आमच्या घरावरचं कौल उडालं ते पलीकडच्या गावात सापडलं, आणि त्यावर वाळत घातलेले बोंबील तसेच होते. पण त्या दिवसाचं वर्णन करताना आमच्याकडे कुणी चढवून सांगत नाही. मीसुद्धा नाही. एवढंच सांगतात की आधी वारा पडला. माडाची झावळी हलेना. कावळे मांडवाच्या आत येऊन बसले. मग समुद्रावरून एक करडी भिंत चालत आली आणि तिने आधी क्षितिज, मग खडप, मग पलीकडचं देऊळ गिळलं. मांडवाचा एक कोपरा उडाला. बायकांनी चुलींवर परातींची झाकणं घातली.

आणि त्या गोंधळात पलीकडून नगारा सुरू झाला. धडम, धडम, धडम, सारख्या तालात. सिदू गुरवाने कुणी सांगायची वाट पाहिली नव्हती. हरबा बाहेर आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सगुणा माजघरात पाटावर बसली होती. नगारा ऐकून तिच्या आईने हात जोडले. पण सगुणेने मान वळवली. नगारा उत्तरेकडून येत होता, तो यायलाच हवा. दुसरा आवाज वरून येत होता. सड्यावरून. ढोल.

वरात आली होती.

बाळकोजींनी वाजंत्री घाटावरून आणली होती. तीन मोठे ढोल. आमच्या बाजूला तसे ढोल कुणी पाहिलेले नव्हते. एकेक ढोल उचलायला दोन माणसं, म्हणे. बरं, दोन नाही, एकच, पण तगडा. वारा वाढला तसे ढोलवालेही इरेला पडले. वारा मोठा की आपण, असं त्यांचं चाललं होतं.

सगुणा पाटावरून उठली. चुलता दारात आडवा आला.

"कुठं चाललीस गो? हळद लागलीय तुला."

"काका, वर ढोल वाजतायत. बाबा कुठला आवाज धरतील?"

चुलता जुना खलाशी. त्याने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "मी जातो. तू बस."

"तुमचा गुडघा धरलाय. तुम्ही वर पोचाल तोवर काय उरेल?"

तो सगुणेच्या आईकडे बघायला लागला. आईने काय म्हणावं? रड नाही, ओरड नाही. एवढंच म्हणाली, "वहाणा घाल. पाखाडी निसरडी असेल."

ही बघा, डाव्या बाजूने खाली जाते ती दगडी पायवाट, तीच पाखाडी. आज तुम्ही ती चढताना चार ठिकाणी बसलात. ती पोर मुंडावळ्या बांधून, हळदीच्या अंगाने, समोरून येणाऱ्या पाण्याच्या लोटातून ती एका दमात चढली.

आता जरा गलबतावर चला. तिथे काय झालं ते नाळेवर, म्हणजे गलबताच्या तोंडाशी, उभ्या असलेल्या हुसेन नावाच्या खलाशाने नंतर सांगितलं. तो हरबाबरोबर लहानपणापासून होता. मागचं शीड फाटून गेलं होतं. पोटात तांदूळ आणि वासे, गलबत जड, लाट मागून चढत होती. परत फिरून उघड्या समुद्रात जायचं तर गलबत आडवं होणार. आत शिरण्याशिवाय मार्ग नव्हता आणि आत कुठे आहे ते दिसत नव्हतं.

मग ढोल ऐकू आला. आधी एकच. मोठा, जवळ.

"नगारा," हरबा म्हणाला. "डाव्या अंगाला घ्या."

हुसेन म्हणाला, "तांडेल, नगारा असा वाजत नाही. हा उड्या मारतोय."

"सिदू म्हातारा झालाय. हात चुकत असेल."

"सिदूचा हात चुकत नाही, तांडेल. माझे कान चुकले तर चुकले."

"मग दुसरं कोण वाजवणार हय? ह्या पावसात आपल्या गावचा कुठला माणूस सड्यावर ढोल वाजवील?"

हरबाचं म्हणणं बरोबरच होतं. आपल्या गावचा माणूस वाजवणारच नाही, या एका विश्वासावर त्याने सुकाणू वळवलं. आवाज डाव्या अंगाला आला. म्हणजे गलबताचं तोंड खाडीऐवजी सड्याच्या अलीकडे, सरळ या खडपाच्या मधोमध.

सड्यावर वरात झाडाच्या आडोशाला नव्हती, कारण सड्यावर झाड नाही. नवरदेव घोड्यावर होता असं सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या भागात घोडा तेव्हा फक्त देवीच्या पडद्यावर रंगवलेला असायचा. पण सांगतात म्हणून घोडा. सगुणा वरातीसमोर येऊन उभी राहिली तेव्हा आधी घोडा बिचकला, मग बाळकोजी.

"नवरी अशी सामोरी येते?" बाळकोजी म्हणाले. "कुठल्या गावची रीत ही?"

"ढोल थांबवा. बाबांचं गलबत बाहेर आहे. हा आवाज ते देवळातला समजतील."

"ढोल आणि नगारा कळत नाही तर तुझा बाप तांडेल कशाला झाला?"

दोन-चार माणसं हसली. ढोल वाजतच होते, त्यामुळे सगळं बोलणं ओरडून चाललेलं.

"ह्या वाऱ्यात नाही कळत, मामंजी."

"लग्नाआधीच मामंजी," मागून कुणीतरी म्हणालं.

बाळकोजी हसले नाहीत. माणूस दुष्ट नव्हता, हे लक्षात घ्या. त्यांच्या थोरल्या मुलाच्या वरातीत वाटेतच ढोलाचं कातडं फुटलं होतं, वाजंत्री मध्येच बंद पडली होती, आणि ती सून वर्षाच्या आत गेली. तेव्हापासून त्यांनी मनाशी गाठ मारली होती की धाकूची वरात घरापासून मांडवापर्यंत एका क्षणासाठी गप्प होता कामा नये. म्हणून तर घाटावरून तीन ढोल. एक फुटला तर दुसरा असावा.

"पोरी, बाजूला हो," ते म्हणाले, आणि आता आवाजात विनवणी होती. "वाजंत्री बंद पडलेली वरात मी एकदा पाहिलीय. पुन्हा नाही बघायची. तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

सगुणा ढोलवाल्यांकडे वळली. त्यांनी माना हलवल्या. ज्याने आणलं त्याने सांगितल्याशिवाय ते थांबणार नव्हते. ती सरळ घोड्यासमोर गेली. तिने त्या मुलाला आधी कधी पाहिलं नव्हतं, त्याने तिला नव्हतं.

"तुम्हाला पोहता येतं?" तिने विचारलं.

धाकू म्हणाला, "विहिरीत."

"खाली माझे बाबा आहेत आणि आमच्या गावची माणसं आहेत. ती समुद्रात पोहतात, तरी ह्या खडपावर वाचणार नाहीत. नगारा डाव्या हाताला ठेवायचा, एवढंच त्यांना माहीत आहे. आणि नगारा त्यांना इथे ऐकू येतोय."

धाकूने पलीकडे पाहिलं. पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पाणी उभं होतं. तो घोड्यावरून उतरला. नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं. त्याने लिंबू काढून टाकलं.

"धाकू," बाळकोजी म्हणाले.

"बाबा, आवाज बंद होणार आहे. त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे."

आणि त्याने पहिल्या ढोलात कट्यार घातली. कातडं उभं फाटलं. दुसरा ढोलवाला मागे सरकला, त्याच्या गळ्यातला ढोल धाकूने तसाच उभ्याने फाडला. तिसऱ्याकडे वळला तेव्हा त्या माणसाने स्वतःच टिपरू खाली टाकलं आणि दोन्ही हात कातड्यावर पसरले, थरथरतं कातडंही बोलू नये म्हणून.

सड्यावर फक्त वारा उरला. आणि वाऱ्याच्या आतून, पलीकडून, बारीक पण सरळ: धडम, धडम, धडम.

"तांडेल," हुसेन ओरडला, "नगारा हा नव्हे. नगारा तिकडे लांब, खाडीपलीकडे आहे."

म्हणजे गलबत खाडीच्या वाटेवरून केव्हाच घसरलं होतं, आणि पुढे पाणी नव्हतं. वर उभ्या माणसांना त्याच क्षणी पावसाच्या फटीतून 'जयवंती' दिसली. इतकी जवळ की फेकलेला नारळ तिच्यावर पडावा. पुढचं शीड ताणून पांढरं पडलेलं, आणि सुकाणूवर एक माणूस, एक पाय कठड्यावर रोवलेला. सगुणेने त्या पायावरून बाप ओळखला. तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो आवाजही चुकीच्याच बाजूने गेला असता.

हरबाने सगळं अंग सुकाणूवर टाकलं. गलबताने तोंड वळवलं. हळू, जड, गाभण म्हशीने वळावं तसं. आणखी एक लाट मिळाली असती तर ते खाडीत आलं असतं, असं जुने लोक अजून हळहळून सांगतात. लाट मिळाली नाही. खडपाच्या मधोमध बसायचं ते शेपटाला बसलं. वरच्या माणसांना तो आवाज पायांतून कळला, कानांतून नाही. डोलकाठी पुढे कोसळली. पोट फाटलं आणि तांदूळ बाहेर आला, आणि काळ्या पाण्यावर थोडा वेळ एक पांढरं शेत तरंगत राहिलं.

पण शेपटाला बसलं म्हणून माणसं खाडीच्या बाजूला पडली. तिथे पाणी त्यांना आत ओढत होतं, दगडावर आपटत नव्हतं. वरातीतली माणसं पाखाडी उतरून धावली. फेटे सोडले, एकमेकांना बांधले, पाण्यात टाकले. बाळकोजींनी स्वतःचा जरीचा फेटा पहिला सोडला. एकेक खलाशी फेट्याला धरून वर आला. आणि सगळ्यात शेवटी, एका फळीवर पोट टाकून, दाढीत तांदूळ अडकलेला हरबा तांडेल वर आला. उभा राहिला, लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या उघड्या कट्यारीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मुहूर्त टळला की काय?" टळला नव्हता. त्याने तशा ओल्या धोतराने कन्यादान केलं. हातावर पाणी सोडायला तांब्या शोधत होते, तर भटजी म्हणाले, राहू दे, नुसतं धोतर पिळा.

इथे पाहुणे हसतात. तुम्हीही हसलात. मुलं असली की मी इथेच थांबतो आणि सगळ्यांना सोलकढी पाजायला घेऊन जातो.

पण तुम्ही काल त्या वरातीत माना खाली घालून उभे राहिलात, कुणी सांगितलं नसताना. म्हणून सांगतो. ही शेवटची फळी मी घातलेली आहे. धोतर, भटजी, दाढीतला तांदूळ, सगळं माझं. घोड्याचं पाप माझं नाही, तो आधीपासून होता.

हुसेन वर आला. बाकीचे खलाशी वर आले. हरबा आला नाही. सुकाणूवर होता, मग नव्हता, असं हुसेन म्हणाला. पण त्याने आणखी एक सांगितलं. वरचा आवाज एकाएकी तुटला तेव्हा तांडेलाला कळलं की आपण कुणाच्या ढोलामागे आलो. तो हसला, म्हणे. म्हणाला, "वर आपलं माणूस पोचलंय." आणि मग सुकाणू फिरवलं.

सगुणा त्या दिवशी बोहल्यावर चढली नाही. ती इथे, आपण उभे आहोत तिथे, पाण्याकडे बघत उभी राहिली. धाकू तिच्यापासून चार हातांवर फाटक्या ढोलांशेजारी उभा होता. त्यांची अजून ओळखही नव्हती. पलीकडे सिदू गुरवाला काहीच कळलेलं नव्हतं, तो वाजवतच होता. पाऊस ओसरल्यावर कुणीतरी होडीतून जाऊन त्याला सांगितलं. तेव्हा त्याने एक ठोका दिला आणि हात थांबवला. त्या ठोक्यावर ती वळली आणि घरी गेली. लग्न झालं ते पुढच्या हंगामात, धाकूशीच. बाळकोजींनी वाजंत्री आणली नाही.

आजही वरात इथे आली की गप्प होते, ठोका येतो, सगळं तुम्ही पाहिलंत. पण नीट पाहिलं असेल तर ठोका आल्यावरही लगेच कुणी पाऊल उचलत नाही. थोडा वेळ सगळे खडपाकडे बघत उभे राहतात, आणि मग वळतात. म्हातारी माणसं का बघतात ते मला ठाऊक आहे. पोरं का बघतात ते मात्र कळत नाही. त्यांना लहानपणापासून मी, हरबा वर आला, असंच सांगत आलोय.